बाटली क्रमांक ५३-एन

केईएम, वाडिया आणि टाटा या रुग्णालयांच्या गर्दीतून परळच्या आचार्य दोंदे मार्गावर आले की झाडांमागे एक जुनी, भव्य वास्तू दिसते. एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर येथे राहत. शंभराहून अधिक वर्षे येथे लसी, सीरम आणि रोगजंतूंवरचे संशोधन चालू आहे. मुंबईकर तिला नुसते ‘हाफकिन’ म्हणतात. सर्पदंशाची लस, पोलिओचे थेंब, श्वानदंशावरचे इंजेक्शन यांच्या निमित्ताने हे नाव घराघरांत पोहोचले. पण हे एका माणसाचे नाव आहे, तो माणूस भारतीय नव्हता, ब्रिटिश वंशाचाही नव्हता, आणि ज्या संस्थेला त्याचे नाव मिळाले त्या संस्थेतूनच त्याला एकदा अपमानित होऊन जावे लागले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र वैद्यकाच्या इतिहासात सांगितले जाते. ते गुणवत्ता-नियंत्रणाच्या वर्गातही सांगायला हवे. एखादी वस्तू भरवशाची आहे हे कशावरून ठरवायचे, आणि ती एकदा दगा देते तेव्हा कारण कसे शोधायचे, हे दोन प्रश्न त्यांच्या आयुष्यात वारंवार येतात. पहिल्या प्रश्नाने त्यांना कीर्ती दिली. दुसऱ्याचे उत्तर इतरांनी घाईने दिले आणि त्याची किंमत हाफकिन यांनी मोजली.

ओडेसा ते कलकत्ता

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी ओडेसा रशियन साम्राज्यात होते. विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे प्राणिशास्त्राचे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे ते हेच. तरुण हाफकिन अभ्यासाइतकेच चळवळीतही होते. १८८१ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा ते स्वसंरक्षण दलात उतरले, जखमी झाले आणि पकडले गेले. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केल्यामुळे सुटले.

पदवीनंतर प्राध्यापकीची वाट त्यांच्यासाठी बंद होती. ती उघडायची तर धर्म बदलावा लागला असता. त्यांनी नकार दिला आणि काही वर्षे ओडेशाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी सहायक ग्रंथपालाची नोकरी धरली. दिवसा पुस्तके, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा.

त्या प्रयोगशाळेत त्यांनी पटकीची म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. जुलै १८९२ मध्ये तिचा पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. ताप आला, दुखले, उतरले. मित्रांनीही ती टोचून घेतली. मात्र यावरून एवढेच सिद्ध होत होते की लस माणसाला मारत नाही. ती माणसाला वाचवते का, हे ठरवायला पटकीची साथ लागणार होती आणि तशी साथ भारतात जवळजवळ दरवर्षी येत असे. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या सूचनेवरून हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्याला उतरले.

मोजणीची सवय

येथून हाफकिन यांचे वेगळेपण दिसू लागते. त्या काळात नवे औषध आले की वैद्य आपल्या बऱ्या झालेल्या रोग्यांची यादी देत. हाफकिन यांनी विचारले, औषध न घेतलेल्या तशाच माणसांचे काय झाले?

१८९४ मध्ये कलकत्त्याच्या काट्टल बागान या वस्तीत पटकीचे रुग्ण आढळले. एकच तलाव, एकच पाणी, तीच दाटी. तेथील सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतरचे रुग्ण लस न घेतलेल्यांत निघाले. पुढे आसाम आणि काछारच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही त्यांनी हीच पद्धत वापरली. काहींना लस, काहींना नाही, आणि दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लस टोचली. मलेरियाने ग्रासल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना युरोपला परतावे लागले, पण थोडे बरे वाटताच ते पुन्हा आले.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना काही रुग्णांच्या जांघेत गाठी दिसल्या. हा गाठीचा प्लेग होता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने हाफकिन यांना मुंबईत पाठवले.

भायखळ्याची खोली

ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. बाहेर शहर रिकामे होत होते. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती गावाकडे निघून गेली. गिरण्यांना कामगार मिळेनात. साथीच्या कायद्याने घरांची झडती, सक्तीने रुग्णालयात नेणे, सामान जाळणे सुरू झाले आणि लोकांना रोगाइतकीच सरकारची भीती वाटू लागली. पुण्यात त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले आणि जूनमध्ये प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

हाफकिन यांची लस तयार व्हायला वेळ लागे. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. गोमांस किंवा डुकराचे मांस येथे चालणार नाही म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस घेतले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत. दोन-तीन दिवसांनी फ्लास्क हलवून ते तळाशी पाडायचे, म्हणजे नवे वाढतात. असे सुमारे सहा आठवडे. मग सगळा रस तासभर सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, जेणेकरून बाहेरचा कोणताही जंतू त्यात वाढू नये.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. तापाने फणफणले, पण त्याचा गाजावाजा केला नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे ३० जानेवारीला निम्म्याच्या आसपास कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. अन्न तेच, पाणी तेच, बराकी त्याच. पुढच्या दिवसांत लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले आणि दोघेही वाचले. लस न घेतलेल्यांत डझनभर आजारी पडले आणि त्यांतले सहा-सात दगावले.

आजच्या नियमांत हा प्रयोग बसणार नाही. कैद्याची संमती खरोखर किती मुक्त असते, हा प्रश्न आहेच. संख्याशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात एक फट होती. जे आपणहून पुढे आले ते कदाचित मुळातच अधिक धडधाकट असतील, तर श्रेय लसीचे की प्रकृतीचे?

ही फट हाफकिन यांनी वर्षभरात बुजवली. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्लेग होता. तेथे त्यांनी घरटी माणसे एकत्र उभी केली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस टोचली. पुरुष, बायका, मुले, अशक्त माणसे दोन्ही बाजूंना सारखी येतील याची काळजी घेतली. आता एकाच छपराखाली, एकाच ताटातले खाणारी माणसे दोन गटांत होती. नंतर २८ कुटुंबांत प्लेग शिरला. या कुटुंबांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. म्हणजे एका बाजूला शंभरात ४१ मृत्यू, दुसऱ्या बाजूला शंभरात ४.

हे आकडे पाहायला कोणत्याही गणिती यंत्राची गरज नाही. तुलना कशी रचली, यातच सगळी ताकद आहे. १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी पटकी आणि विषमज्वराच्या लसींचे आकडे तपासताना लसीच्या प्रयोगासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत दोन्ही गट सारखे असावेत आणि दोघांनाही लागण होण्याची संधी सारखी असावी, या मुख्य होत्या. उंढेऱ्यात सतरा वर्षे आधी नेमके तेच करण्याचा प्रयत्न झाला होता.

परळचा कारखाना

आगाखान यांनी आपल्या हजारो खोजा अनुयायांना लस घ्यायला लावली आणि माझगावचा आपला बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. मागणी वाढली तशी तीही जागा अपुरी पडली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. याच प्लेगने मुंबईचा नकाशाही बदलला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून माणसे हलवण्यासाठी दादर, माटुंगा आणि शीवच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या. शीव-माटुंग्याचे आजचे सरळ रस्ते आणि परळची प्रयोगशाळा ही एकाच साथीची अपत्ये आहेत.

परळला आल्यावर कामाचे स्वरूप बदलले. आतापर्यंत एक शास्त्रज्ञ आपल्या हाताने लस करत होता. आता तो कारखाना झाला. फ्लास्क, भट्ट्या, बाटल्या, बुचे, कामगारांच्या पाळ्या आणि देशभर जाणाऱ्या पेट्या. प्रत्येक बाटलीवर क्रमांक आणि ती कधी भरली याची नोंद. हा क्रमांक पुढे फार मोलाचा ठरणार होता.

कारखान्यात एक अडचण असते, ती प्रयोगशाळेत जाणवत नाही. लसीची बाटली तपासायची तर ती उघडावी लागते आणि उघडलेली बाटली वापरता येत नाही. म्हणून सगळ्या बाटल्या तपासता येत नाहीत, नमुन्यादाखल काही तपासायच्या. समजा शंभर बाटल्यांत एकच दूषित आहे आणि आपण कोणत्याही पाच उघडून पाहिल्या. ती एक सापडण्याची शक्यता शंभरात फक्त पाच. वीस उघडल्या तरी शंभरात वीस. म्हणजे शेवटी तपासणी करून चांगला माल निवडता येईल, हा समज खोटा आहे. माल चांगला हवा असेल तर तो करण्याची प्रत्येक पायरी चांगली हवी. त्यातही मेख आहे. एखाद्या कामात शंभर पायऱ्या असतील आणि प्रत्येक पायरी ९९ टक्के वेळा बिनचूक होत असेल, तर सगळ्या शंभर पायऱ्या एकदम बिनचूक होण्याची शक्यता ३७ टक्क्यांहूनही कमी भरते. म्हणून शहाणे कारखानदार एका चुकीला सावरणारी दुसरी व्यवस्था ठेवतात. हाफकिन यांच्या लसीत ते काम कार्बोलिक आम्ल करत होते.

३० ऑक्टोबर १९०२

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा जोर होता. तेथील सरकारने हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर लसीकरण ठरवले आणि परळकडे लाखो मात्रांची मागणी आली. सहा आठवड्यांची जुनी पद्धत पुरी पडेना. हाफकिन यांनी जंतू अगारवर वाढवण्याची जलद पद्धत घेतली आणि कार्बोलिक आम्ल वगळले. उष्णतेने जंतू नीट मारले आणि पुढची हाताळणी निर्जंतुक ठेवली तर त्या आम्लाची गरज नाही, असे त्यांचे मत होते. पाश्चर संस्थेतही तसेच काम चाले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून टोचले होते. सुमारे आठवडाभराने त्यांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. सगळे १९ दगावले. त्याच दिवशी, त्याच गावात, इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

एकोणीस घरांत एकदम मरण गेले, तेही रोगाने नव्हे, रोगापासून वाचवायला आलेल्या सुईने. पंजाबची मोहीम थंडावली. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स आणि दोन लष्करी डॉक्टर यांचा आयोग नेमला. आयोगाने निष्कर्ष काढला की धनुर्वाताचे जंतू बाटलीत मलकोवालला उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच शिरले असावेत. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला निघून गेले.

कारण की गुन्हेगार?

आज गुणवत्ता-नियंत्रण आणि विश्वासार्हता यांचे अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइन करता येतात. शीव-दादरच्या कितीतरी घरांत दिवसाची नोकरी सांभाळून रात्री हे धडे गिरवणारे अभियंते असतील. त्यांच्या पहिल्याच धड्यात वॉल्टर शूहार्ट हे नाव येते. या अमेरिकी अभियंत्याने १९२४ मध्ये एका पानाच्या टिपणात नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. १९४७-४८ च्या हिवाळ्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून तो भारतातही येऊन गेला आणि येथील कारखान्यांत या शास्त्राचे बी पडले.

शूहार्टचे म्हणणे साधे आहे. कोणत्याही कामात थोडा कमी-जास्तपणा असतोच. गिरणीत शंभर माग चालू असतील तर धागा कुठे ना कुठे तुटणारच. तो सगळ्याच मागांवर थोडा थोडा तुटत असेल तर दोष सुताचा, हवेतील कोरडेपणाचा, एकूण व्यवस्थेचा. पण ९९ माग नीट चालताना एकाच मागावर धागा सारखा तुटत असेल, तर त्या मागापाशी जाऊन काय वेगळे घडले ते पाहिले पाहिजे. पहिल्या प्रकारचे कारण व्यवस्थेत असते, दुसऱ्या प्रकारचे त्या जागी. दोहोंची गल्लत केली की उपाय चुकतो आणि भलत्याला शिक्षा होते.

आता मलकोवालचे आकडे पुन्हा पाहा. एका बाटलीतून टोचलेले १९ पैकी १९ मेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ पैकी कोणीही नाही. नवी पद्धतच मुळात सदोष असती तर त्रास पसरलेला दिसला असता. येथे तो एका बाटलीत गोळा झाला होता. म्हणजे ५३-एनचे असे काय वेगळे झाले, हा पहिला प्रश्न हवा होता.

त्या बाटलीचा क्रमांक आणि नोंद असल्यामुळे तिचा प्रवास उलगडता येत होता. ती १९ सप्टेंबरला परळला भरली गेली आणि ४१ दिवसांनी उघडली गेली. धनुर्वाताचे जंतू आधीच आत असते तर एवढ्या दिवसांत ते भरपूर वाढले असते आणि रसाला दुर्गंधी आली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला मात्र कोणताही वास आला नव्हता. शिवाय आत विष तयार होऊन साठले असते तर लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती आठवड्याच्या सुमारास दिसली, जणू जंतूंनी शरीरात शिरल्यावर वाढायला सुरुवात केली. आणि साक्षींमध्ये एक बारीकशी गोष्ट नोंदलेली होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजी नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, विशेषतः गुराढोरांच्या वावर असलेल्या मातीत, सर्रास सापडतात आणि ते फार चिवट असतात. अशा पाण्याने ते मरत नाहीत.

लंडनमध्ये हाफकिन यांनी हाच मुद्दा धरून ठेवला. १९०२ मध्येच नोबेल मिळवलेले मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. रॉस यांनी जाहीरपणे लिहायला सुरुवात केली आणि जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. आयोगाचा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही, असे त्यांनी मांडले. फ्रान्समध्ये त्याच सुमारास निर्दोष ठरलेल्या ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस याच्याशी काहींनी या प्रकरणाची तुलना केली. १९०७ च्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त मानले आणि ते भारतात परतले.

न्याय झाला, पण उशिरा आणि अर्धवट. मुंबईतील त्यांची जागा आता दुसऱ्याकडे होती. त्यांना कलकत्त्याची छोटी प्रयोगशाळा मिळाली. नव्या लसीच्या मोठ्या चाचण्या करण्याची मुभा त्यांना पुन्हा मिळाली नाही. १९१४ मध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि युरोपला गेले, ते कायमचे.

दोन्ही बाजूंचा धडा

हाफकिन निर्दोष ठरले म्हणून आयोगाची प्रत्येक शंका फोल होती, असे मात्र म्हणता येत नाही. कार्बोलिक आम्ल वगळणे म्हणजे एका चुकीला सावरणारी दुसरी व्यवस्था काढून टाकणे होते. चिमट्याने ऐनवेळी आत गेलेल्या बीजाणूंना त्या आम्लाने त्या दिवशी अडवले असते, असे मानायला आधार नाही. ते बीजाणूंना सहसा मारत नाही, फक्त जंतूंची वाढ रोखते. पण परळमधून निघालेली बाटली खेड्यात, धुळीत, घाईत उघडली जाणार आणि तेथे प्रयोगशाळेची शिस्त नसणार, हे गृहीत धरूनच लस बनवायला हवी होती. पॅरिसच्या टेबलावर जे चालते ते मलकोवालच्या अंगणात चालेलच असे नाही. अभियंते ज्याला विश्वासार्हता म्हणतात ती वस्तू कुठे बनली यावर ठरत नाही. ती कुठे, कोणाच्या हातून वापरली जाणार, यावर ठरते. परळच्या लसीत पुढे कार्बोलिक आम्ल परत आले, ते योग्यच झाले.

आयोगाची चूक वेगळ्या जागी होती. तो कारण शोधायला निघाला आणि जबाबदार माणूस सापडताच थांबला. माणूस सापडला की चौकशी संपल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात चिमटा जमिनीवर पडलेलाच राहतो आणि पुढच्या गावात पुन्हा पडतो. लस टोचणाऱ्याला निर्जंतुकीकरणाचे शिक्षण कसे द्यायचे, त्याच्याकडे दुसरा चिमटा असावा का, बाटलीचे बूच कसे असावे, हे प्रश्न त्या दिवशी मृत्युमुखी पडलेल्या १९ जणांनी मागे ठेवले होते. एका संचालकाला काढून त्यांतला एकही सुटला नाही.

मलकोवालनंतरही परळचे काम थांबले नाही. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेग-लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. ती लस परिपूर्ण नव्हती. ती घेतल्यावर ताप येई, काही महिन्यांनी तिचा प्रभाव ओसरे, आणि उंदीर व पिसवांचा बंदोबस्त केल्याशिवाय प्लेग हटणार नव्हता. तरीही ती घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटत असल्याचे नोंदींत वारंवार दिसले. प्रतिजैविके यायला अजून काही दशके होती. तोवर गाठीच्या प्लेगपुढे माणसाच्या हाती जे काही होते, त्यात ही लस प्रमुख होती.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपातच होते. लग्न केले नव्हते. उतारवयात ते धर्माकडे अधिक वळले आणि १९२९ मध्ये आपली पुंजी त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धार्मिक शाळांसाठी न्यास करून देऊन टाकली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज आपण मुलाला लस टोचून आणतो तेव्हा कार्डावर एक बॅच क्रमांक लिहिलेला असतो. बहुतेक जण तो वाचतही नाहीत. पण लसीनंतर कोणाला काही त्रास झाला, तर तपासाचा धागा तेथूनच सुरू होतो. त्याच बॅचमधल्या इतरांना काय झाले, ती कुठे साठवली, कोणी टोचली, वायल कधी उघडली. ५३-एनच्या वेळी हे प्रश्न नीट विचारायला पाच वर्षे लागली. ते कार्ड फेकून देऊ नका. एखाद्या लसीबद्दल वाईट बातमी कानावर आली तर ती नाकारण्याआधी किंवा पसरवण्याआधी तीच साधी विचारणा करा, जी हाफकिन यांनी काट्टल बागानमध्ये केली होती. ज्यांना त्रास झाला ते किती, ज्यांना झाला नाही ते किती, आणि त्या दोघांत नेमका फरक कोणता?